दचकणं वेगळं, चक्रावणं वेगळं

पावसाळ्यात गोव्यातल्या दाबोळी विमानतळावर उतरताना विमानावर वीज पडली, तर कॉकपिटमध्ये डोळे दिपतात, कानठळ्या बसतात. वैमानिकाच्या पापण्या मिटतात, मान आखडते, मुठी आवळतात. विचार करायला वेळ मिळण्याआधीच शरीराने हे करून टाकलेलं असतं. याला म्हणायचं दचकणं. यात विमान बहुधा धडधाकट असतं आणि काही सेकंदांत माणूसही सावरतो.

चक्रावायला आवाज लागत नाही. डोक्यातलं चित्र आणि समोरचे आकडे जुळेनासे झाले की पुरे. 6 जुलै 2013 रोजी सॅन फ्रान्सिस्कोला उतरणाऱ्या एशियाना 214 च्या वैमानिकांचा समज होता की वेग ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनांची ताकद आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा, सांभाळतेय. ती सांभाळत नव्हती. वेग गुपचूप घटत गेला, विमान धावपट्टीआधीच्या समुद्रभिंतीवर आदळलं आणि तिघांचा जीव गेला.

दोन्ही एकदम आली की परीक्षा खरी. 1 जून 2009, एअर फ्रान्स 447. अटलांटिकवर पिटो नळ्यांत, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळ्यांत, बर्फ साचला, वेगाचे आकडे बिघडले, अलार्म वाजला, ऑटोपायलट सुटला. वैमानिकाने नाक वर-खाली करणारी स्टिक मागे ओढली, विमान वर चढलं आणि स्टॉल झालं, म्हणजे पंखांना पुरेशी उचल मिळेनाशी झाली. वेगाचे आकडे मिनिटभराच्या आत परत आले होते. पण नेमकं काय चाललंय याचा उलगडा वैमानिकांना शेवटपर्यंत झाला नाही. 228 जण गेले. त्या पहिल्या धक्क्यापेक्षा मला नंतरची ती मिनिटं जास्त छळतात.

म्हणून उपायही दोन. दचकल्यावर आधी हात आवरायचे: श्वास सोडायचा, खांदे सैल करायचे, विमानाचं नाक आणि इंजिनांची ताकद ठरलेल्या जागी ठेवायची. चक्रावल्यावर मात्र बोलायचं, तेही मोठ्याने. "मला स्पीड पटत नाही, तुला काय दिसतंय?" एकट्याच्या डोक्यात अडकलेलं चुकीचं चित्र सोडवायला शेजारचा माणूसच लागतो. सिम्युलेटरमध्ये कुठला बिघाड येणार हे आधीच ठाऊक असेल, तर ही सवय लागतच नाही.

जमिनीजवळ मात्र थांबायला वेळ नसतो. विंडशियरचा, म्हणजे वाऱ्याचा वेग किंवा दिशा एकाएकी बदलल्याचा, इशारा आला की घोकलेली कृती ताबडतोब करावी लागते. गोव्यातल्याच मोपा विमानतळावर ढग खाली आले असतील, तर ठरलेल्या उंचीवर धावपट्टी दिसली नाही की वर जायचं, असं दोघं वैमानिक उतरायला लागण्याआधीच एकमेकांना बोलून दाखवतात. विमान एकाएकी वर उचललं गेलं म्हणून प्रवासी घाबरतात, तेव्हा पुढे बसलेले दोघं बहुतेक वेळा आधी ठरलेलंच करत असतात.