जॅकेटवर स्प्रे मारण्याआधी हे वाचावे

पावसाळी ट्रेक सुरू झाले की आमच्या दुकानात एकच तक्रार वारंवार ऐकू येते: जॅकेट गळते आहे आणि वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारूनही उपयोग झालेला नाही. अशी जॅकेटे तपासून पाहिली असता त्यांतील बरीचशी मुळात गळत नसल्याचे आढळते.

पाणी आत येऊ न देण्याचे काम आतले मेम्ब्रेन म्हणजे पातळ पडदा, किंवा पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग करते. बाहेरच्या कापडावर डीडब्ल्यूआर नावाचा लेप असतो, त्याच्यामुळे थेंब अळवाच्या पानावरून ओघळावेत तसे ओघळून जातात. हा लेप निकामी झाला की बाहेरचे कापड भिजून जड होते, घामाची वाफ बाहेर पडेनाशी होते आणि आतल्या गार पृष्ठभागावर तिचेच पाणी होते. राजमाचीच्या वाटेवर अंग ओले झाले, तर ते पाणी पावसाचे नसून आपल्याच घामाचे असण्याची शक्यता अधिक असते.

आता मुख्य मुद्दा. मळलेल्या जॅकेटवर, किंवा कपड्यांच्या पावडरीने धुतलेल्या जॅकेटवर, स्प्रे मारू नये. पाणी कापडात मुरावे यासाठीच डिटर्जंट बनवलेले असते, आणि त्याचा जो अंश कापडात मागे राहतो तो पुढेही तेच काम करत राहतो. फॅब्रिक कंडिशनर तर याहून वाईट. अशा जॅकेटवर मारलेला स्प्रे कापडाला न धरता मळाला धरतो आणि पहिल्याच जोरदार सरीत निघून जातो. असे जॅकेट आमच्याकडे आले की आधी ते पुन्हा पुन्हा धुवावे लागते, म्हणूनच आम्ही धुलाईशिवाय नुसते स्प्रेचे काम घेत नाही. धुलाईचे पैसे उगाच लावले जातात असे काही ग्राहकांना वाटते, परंतु खरी मेहनत त्या धुलाईतच आहे.

घरी करायचे असल्यास चेन आणि वेल्क्रो लावून घ्यावेत आणि कोमट पाण्याच्या बादलीत, जॅकेटसाठी मिळणाऱ्या लिक्विडने, हाताने धुवावे. वॉशिंग मशीन शक्यतो टाळावे, कारण वॉटरप्रूफ कापडात पाणी अडकून स्पिनच्या वेळी ड्रमचा तोल जातो. रेनकोट टाकू नका अशी सूचना अनेक मशीनवर असते ती याचसाठी. कॉलर, बाह्यांच्या कडा आणि सॅकचे पट्टे घासतात ती खांद्यांची जागा मऊ ब्रशने चोळावी, फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळावे, मात्र पिळू नये.

जॅकेट वाळल्यावर लेबल पाहावे. इस्त्रीच्या चिन्हावर फुली नसेल, तर वर सुती कापड ठेवून सर्वात कमी उष्णतेवर, वाफ बंद ठेवून, इस्त्री फिरवावी आणि मग खांद्यावर चमचाभर पाणी ओतून पाहावे. थेंब गोल राहिले, तर जुना लेप उष्णतेने पुन्हा जागा झाला आहे आणि स्प्रेची बाटली घेण्याची गरज नाही. बाटल्या आम्हीच विकतो, तरीही हे सांगतो. पाणी कापडात मुरले, तरच स्वच्छ जॅकेट पुन्हा ओलसर करून त्यावर मोकळ्या हवेत स्प्रे सारखा मारावा आणि दोन-तीन मिनिटांनी जास्तीचा द्रव ओल्या फडक्याने टिपून घ्यावा, नाहीतर पांढरट डाग राहतात. धुताना पाण्यात मिसळायचे वॉटरप्रूफिंगही मिळते, पण ते आतल्या अस्तरालाही बसते, म्हणून अस्तराच्या जॅकेटसाठी आम्ही स्प्रेच सुचवतो.

अलीकडच्या फ्लोरिनविरहित लेपांवर तेल आणि घाम लवकर बसतो, त्यामुळे अशी नवी जॅकेटे जुन्यांपेक्षा जास्त वेळा धुवावी लागतात.

आतले कोटिंग चिकट झाले असेल किंवा त्याचे पोपडे निघत असतील, तर कोणताही स्प्रे कामाचा नाही आणि अशी जॅकेटे आम्ही दुरुस्तीला घेत नाही. शिवणीवरची टेप सुटली असेल, तर ती मात्र बसवून देतो. जुलै-ऑगस्टमध्ये जॅकेट नीट वाळायलाच वेळ लागतो, त्यामुळे शनिवारच्या ट्रेकसाठी ते शुक्रवारी आणू नये. सोमवारी आणून द्यावे.