पाणकासव : कवच व टाक्याची निगा (ग्रामीण विदर्भ)

घरी पाळलेल्या गोड्या पाण्यातील कासवाचे कवच निरोगी राहावे यासाठी पाणी, ऊन व आहाराची घेतली जाणारी काळजी. विदर्भातील गावांत पाळलेले कासव बहुधा शहरातल्या मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेले ‘रेड-इअर्ड स्लायडर’ असते. त्याचा मूळ प्रदेश अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत व बोड्यांत, म्हणजे लहान तळ्यांत, सापडणारी देशी कासवे १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने संरक्षित आहेत. ती पकडून घरी ठेवणे गुन्हा ठरतो.

कवच हे बरगड्या व पाठीचा कणा जुळून बनलेले जिवंत हाड असते. त्यावर नखासारख्या केराटिनचे पापुद्रे असतात. कवचाला संवेदना असते. त्यावरचा स्पर्श कासवाला कळतो. चकाकी यावी म्हणून खोबरेल किंवा जवसाचे तेल चोळणे, कवच रंगवणे हे प्रकार सर्रास होतात आणि ते थांबायलाच हवेत. वाढत्या कासवाचे पातळ, पारदर्शक पापुद्रे आपोआप सुटतात. ते ओढून काढू नयेत. कवच मऊ पडणे, खड्डे पडणे, घाण वास येणे ही मात्र आजाराची लक्षणे होत.

पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती व बुलढाण्याच्या काही भागांत, बोअरचे पाणी खारे असते. क्षारयुक्त पाण्याने कवचावर पांढरे डाग धरतात. पुष्कळदा त्यांनाच बुरशी समजून औषध लावले जाते. तेथे साठवलेले पावसाचे पाणी बरे. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असल्यास ते दिवसभर उघडे ठेवून मग वापरावे.

खरा कस लागतो तो मे महिन्यात. पारा ४५ अंशांवर जातो आणि टिनाखाली ठेवलेली काचेची लहान पेटी काही तासांत तापते. पाणी साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअस असावे. त्यासाठी सावलीतले खोल सिमेंटचे टाके आणि त्यावर ओले बारदान उपयोगी पडते. पाण्याबाहेर येऊन अंग सुकवायला वीट किंवा सपाट दगड हवाच. कोवळे ऊन थेट मिळावे, कारण हाडांना लागणारे अतिनील किरण खिडकीची काच अडवते. मात्र उन्हातही सावलीचा कोपरा असावा. वीज गेली की फिल्टर बंद पडतो व विष्ठेतून अमोनिया साचतो, तेव्हा थोडे पाणी लगेच बदलावे.

पोळी, भात, ब्रेड हा त्याचा आहार नव्हे. कासवाचे तयार खाद्य, गांडुळे, सुके झिंगे व पाणवनस्पती द्याव्यात. कॅल्शियमसाठी आयुर्वेदिक दुकानात मिळणाऱ्या समुद्रफेनाचा (कटलफिश या सागरी प्राण्याच्या आतील कवचाचा) तुकडा पाण्यात टाकता येतो.

कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. नकोसे झालेले स्लायडर तलावात सोडू नये, ते देशी कासवांचे अन्न व जागा बळकावते.