फिश टँकचा सांडवा का गुरगुरतो?

खळ्ळ… मग दहा-पंधरा सेकंद शांतता, मग कोपऱ्यातल्या पाइपातून लांब घोट घेतल्यासारखा आवाज, आणि पुन्हा खळ्ळ. खाली सम्प (पाणी गाळण्याची दुसरी टाकी) असलेली टाकी दिवाणखान्यात ठेवली की हा पाहुणा कधी ना कधी येतोच. रत्नागिरीच्या झाडगावातलं मत्स्यालय बघून खाऱ्या पाण्याच्या टाकीचं वेड घेतलेल्यांना तर हमखास. पहिला संशय पंपावर जातो. पंप बहुतेक वेळा निर्दोष असतो.

रचना साधी आहे. टाकीच्या कोपऱ्यात एक उभी पेटी, हाच सांडवा; तिच्या दातेरी काठावरून पाणी आत पडतं, पेटीतल्या उभ्या पाइपाने खाली कपाटातल्या सम्पमध्ये उतरतं, गाळून झालं की पंप ते परत वर चढवतो. गोची त्या उभ्या पाइपात आहे, कारण तो दोन तऱ्हांनी वाहू शकतो.

पहिल्या तऱ्हेत पाणी पाइपाच्या भिंतीला चिकटून उतरतं आणि मधोमध हवा असते. इमारतींच्या सांडपाण्याचे उभे पाइप असेच चालतात. त्यांचा पाव ते एक तृतीयांश भागच पाण्याने भरेल असा हिशेब धरतात आणि वरचं टोक गच्चीवर उघडं सोडतात. दुसऱ्या तऱ्हेत पाइप तुडुंब भरतो, हवा हद्दपार होते आणि सायफन सुरू होतो. मग पाण्याचा अख्खा स्तंभ आपल्या वजनाने मागचं पाणी ओढतो.

आकडेच बघा. पाइप एक इंची, पेटीतल्या पाण्यापासून सम्पच्या पाण्यापर्यंत उंची 75 सेंटिमीटर. घर्षण नसतं तर पाणी सेकंदाला 3.8 मीटर वेगाने पडलं असतं. एल्बो (पाइपाचा वाकडा जोड) आणि घर्षण धरून निम्मा वेग उरला तरी तासाला सुमारे 3,400 लिटर जातात. पंप वर चढवतो समजा 2,000 लिटर. म्हणजे सायफन लागला की पेटी सेकंदाला सुमारे 0.4 लिटरने रिकामी होते आणि तिच्यातलं चार लिटर पाणी दहा सेकंदांत संपतं. पाइपाचं तोंड उघडं पडतं, तो हवा गिळतो, सायफन तुटतो. पण हवेसकट वाहताना एक इंची पाइपाला 2,000 लिटर निमूटपणे पेलत नाहीत, म्हणून पेटीतलं पाणी चढतं, तोंड बुडतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

हे ओळखीचं वाटत असेल तर आजीच्या घरचा वसुदेवाचा पेला आठवा. बाळकृष्णाच्या पायाला पाणी लागलं की यमुना ओसरते, ती आत लपवलेल्या वाकड्या नळीमुळे. राजापूरजवळच्या उन्हाळे गावची गंगा साधारण तीन वर्षांनी येते आणि काही काळाने जाते; तिचंही एक स्पष्टीकरण जमिनीखालच्या अशाच सायफनचं दिलं जातं. तिची पाळी अलीकडे डळमळली आहे, पण मला ते या स्पष्टीकरणाला मारक वाटत नाही. पोकळी भरण्याचा वेग बदलला की सायफनची पाळी बदलणारच. टाकीतही पंप धुऊन साफ केला, प्रवाह वाढला, आणि महिनोन्‌महिने गप्प असलेला पाइप बोलायला लागला, असं होतं.

तेव्हा पाइपाला दोनांपैकी एका तऱ्हेवर ठाम करायचं.

पहिला मार्ग हवा देण्याचा. उभ्या पाइपावर खाली वाकलेला एल्बो आणि वरच्या टोपीला बारीक भोक, ही रिचर्ड डुर्सो या हौशी मत्स्यपालकाच्या नावाने ओळखली जाणारी रचना. भोक लहान पडलं तर सायफन लागतो, मोठं झालं तरी आवाज वाढतो. म्हणून दोन-तीन मिलिमीटरपासून सुरुवात करून थोडं थोडं वाढवावं. त्याहून बरं म्हणजे भोकात एअर पंपाची बारीक नळी बसवून तिला चावी लावायची. ड्रिलने पाडलेलं भोक लहान करता येत नाही. पाइपच अरुंद असेल तर मात्र भोकाने भागत नाही. दीड इंची पाइपाचं छेदक्षेत्र एक इंचीच्या सव्वादोन पट असतं, तो टाका किंवा पंप कमी करा.

खालचं टोकही तपासा. ते सम्पच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडालेलं पुरे. 20 सेंटिमीटर बुडवलं तर पाण्याबरोबर आलेल्या हवेला बाहेर पडायला वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम 2 टक्के जादा दाब लागतो, पण तेवढ्यासाठीही ती पाइपात साचते आणि ढेकर देत सुटते. झोळ पडलेल्या लवचीक नळीतही हेच घडतं.

दुसरा मार्ग पूर्ण सायफनचा: पाइप कायम भरलेला, खाली गेट व्हॉल्वने (फिरवत हळूहळू बंद होणाऱ्या चावीने) प्रवाह पंपाशी जुळवलेला. माझ्या मते सर्वांत शांत हाच. बॉल व्हॉल्व इथे नको, तो जरा हलवला की प्रवाह फार बदलतो. आणि शेजारी दुसरा, बिनचावीचा मोकळा पाइप हवाच. एकुलत्या पाइपाला चावी लावणं म्हणजे शेवाळाच्या एका गोळ्यावर घराची फरशी सोपवणं.

खाऱ्या पाण्याचे तुषार वाळून मिठाची पुटं चढतात आणि टोपीचं भोक बुजवतात. आवाज अचानक सुरू झाला तर आधी तिथे टाचणी घाला.

कोकणात पावसाळ्यात वीज सारखी जाते. पंप थांबला की वरचं काही पाणी सम्पमध्ये उतरतं, तेवढी जागा तिथे रिकामी हवी. परतीच्या पाइपाचं तोंड टाकीत खोल बुडालेलं असेल तर तोही उलटा सायफन होतो. त्याला पाण्याच्या पातळीलगत एक भोक पाडावं. मग मुद्दाम पंप बंद करा, सगळं स्थिरावू द्या, पुन्हा चालू करा. पूर्ण सायफनची रचना असेल तर सायफन आपोआप लागतो का ते बघा आणि शेवटी गेट व्हॉल्व पूर्ण बंद करा. मोकळ्या पाइपाने एकट्याने सगळं पाणी नेलं तर ठीक. पाणी टाकीच्या काठाकडे सरकू लागलं तर लगेच पंप बंद करा आणि तो पाइप मोठा घाला.