इमर्स्ड बाउंडरी पद्धत

हलत्या किंवा लवचीक वस्तूभोवतीचा द्रायूचा (द्रव किंवा वायूचा) प्रवाह संगणकावर सोडवण्याची पद्धत. मराठीत हिला ‘निमग्न-सीमा पद्धत’ म्हणता येईल. चार्ल्स पेस्किन यांनी १९७२ मध्ये हृदयाच्या झडपांभोवतीच्या रक्तप्रवाहासाठी ती मांडली.

गणनेसाठी जागा लहान घरांत विभागतात, ती जाळी. वस्तूच्या पृष्ठभागाला धरून ती विणली, तर वस्तू हलताच जाळीची घरे ताणली व पिळली जातात. एखाद्या घराचे घनफळ ऋण आले की गणना तिथेच कोसळते. झडपेचे पडदे तर मिटताना एकमेकांना टेकतात, मधल्या घरांना जागाच उरत नाही. पेस्किन यांनी जाळी हलवणेच सोडून दिले. द्रायूसाठी सरळ चौकोनी, स्थिर जाळी. वस्तू म्हणजे तिच्यावर तरंगणारी, स्प्रिंगांनी जोडलेली बिंदूंची माळ. दर कालपायरीला (काळाच्या लहान टप्प्याला) स्प्रिंगांच्या ताणावरून बल काढतात, ते आसपासच्या जाळीबिंदूंवर पसरवतात, नेव्हिअर-स्टोक्स समीकरणे (द्रायूच्या गतीची समीकरणे) सोडवतात आणि मिळालेला वेग माळेवर परत आणून बिंदू सरकवतात. हे पसरवणे कोणत्या बिंदूला किती वाटा देईल ते वाटप-फलन ठरवते; नेहमीचे फलन प्रत्येक दिशेला चार जाळीबिंदू व्यापते. म्हणजे द्विमितीत १६, त्रिमितीत ६४. बल पसरवताना व वेग आणताना फलन एकच हवे, नाहीतर या देवाणघेवाणीत ऊर्जेचा हिशेब जुळत नाही.

माळेतील अंतर जाळीच्या अंतराच्या साधारण निम्मे ठेवतात. त्याहून फार विरळ झाले की द्रायू भिंतीतून गळतो. (दाट माळेचा बंद फुगाही मूळ पद्धतीत हळूहळू आकसतो, कारण जाळीबिंदूंच्या मधला वेग काटेकोर असंपीड्य (घनफळ न बदलणारा) नसतो.) कडक वस्तूसाठी स्प्रिंगा ताठ कराव्यात तर कालपायरी अतिशय लहान घ्यावी लागते, सैल ठेवल्या तर वस्तू जागेवरून ढळते. शिवाय सीमा दोन-तीन घरांत पुसट होते. त्यामुळे रेनॉल्ड्स अंक (जडत्व व चिकटपणा यांच्या प्रभावांचे गुणोत्तर) मोठा असताना भिंतीलगतचा पातळ थर हाती लागत नाही.

सीमा धारदार ठेवणाऱ्या नंतरच्या प्रकारांत दुखणे वेगळे. वस्तू सरकली की कालपर्यंत घन असलेले घर अचानक द्रायूचे होते आणि दाबात खोटे झटके उमटतात. कालपायरी लहान केल्याने ते वाढतातच; जाळी बारीक करणे हा एक उपाय.

संगणक-कार्यक्रम तपासायला आधी रेनॉल्ड्स अंक १०० वरचा स्थिर वर्तुळाकार दंड (दंडगोल) घेतात: ओढ-गुणांक (प्रवाहाच्या ओढीचे परिमाणरहित माप) सुमारे १.३ ते १.४, स्ट्राउहल अंक (मागे भोवरे सुटण्याच्या वारंवारतेचे तसेच माप) ०.१६ ते ०.१७ यायला हवा. मग दंड हलवतात. ओढ जास्त आली तर दोन गोष्टी पाहाव्यात: गणनाक्षेत्राच्या बाजूच्या सीमा फार जवळ आहेत का, आणि पुसट सीमेमुळे दंड जाडा तर झालेला नाही ना.