‘सट्टा’ म्हणायचं कशाला? सरकारी नोकरांच्या गुंतवणुकीवरील नियमांची पार्श्वभूमी

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांचा खासगी व्यापार आणि नजराण्यांच्या कथा सर्वांना ठाऊक आहेत. १७७३च्या कायद्यानं महसूल गोळा करणाऱ्यांना व्यापार बंद झाला. पुढं कलेक्टरचा पगार महिना १५०० रुपये झाला, पण वसुलीवर कमिशनही ठेवलं. एक मोह काढून दुसरा हाती दिला, इतकंच. १८६०च्या दंडसंहितेत कलम १६८ आलं: मनाई असताना व्यापार करणाऱ्या सरकारी नोकराला एक वर्षापर्यंत साधी कैद. पण शेअर घेणं हा व्यापार का, हे कलमात कुठंच नव्हतं.

आणि नेमकं त्याच दशकात कापसाच्या तेजीनं मुंबईला शेअरचं वेड लागलं. जुलै १८६५मध्ये वायदे, म्हणजे पुढच्या तारखेला पैसे देण्याच्या बोलीवर केलेले शेअरचे सौदे, फिटेनात. सरकारनियुक्त संचालक असलेली बँक ऑफ बॉम्बेसुद्धा १८६८मध्ये गुंडाळावी लागली. वीस वर्षांनी पुण्याचा कमिशनर ऑर्थर क्रॉफर्ड याच्यावरचे लाचेचे आरोप शाबीत धरले गेले नाहीत. नोकरी गेली ती हुकमतीतल्या लोकांकडून कर्ज काढल्यामुळं. (मुंबईतली मंडई अनेकांच्या तोंडी आजही त्याच्याच नावाची आहे.)

खरा गुंता पुढच्या वर्तणूक नियमांतल्या एका वाक्यात आहे. सट्टा म्हणजे ‘कुप्रसिद्ध चढउतार असलेल्या रोख्यांची सवयीनं खरेदी आणि विक्री’. आता कुप्रसिद्ध कोणाच्या लेखी? सरकारी कर्जरोखे अर्थातच सभ्य. मग गिरणीच्या शेअरचं काय? ‘आणि’ या शब्दामुळं तर नुसता घेत सुटणारा आणि कधीच न विकणारा साहेब अलगद सुटायचा. शंका आली तर सरकार म्हणेल तो अर्थ, म्हणजे साहेबाचा निवाडा साहेबच करणार! पाकिस्ताननं १९६४च्या आपल्या नियमांत हे वाक्य जवळपास तसंच ठेवलं. त्याच वर्षी दिल्लीनं ‘कुप्रसिद्ध’ काढलं, ‘सवयीनं’ऐवजी ‘वारंवार’ घातलं आणि ‘खरेदी किंवा विक्री किंवा दोन्ही’ असं केलं. माझ्या मते, दोनशे वर्षांतली सर्वांत कामाची दुरुस्ती ही ‘किंवा’ची.

नंतरचा भर माहिती देण्यावर आला. केंद्राच्या वरच्या दोन वर्गांना वर्षाला ५० हजारांवरचे शेअर-व्यवहार कळवावे लागत, खालच्यांना २५ हजारांवरचे. २०१९पासून ही मर्यादा सर्वांनाच सहा महिन्यांच्या मूळ पगाराइतकी झाली. मर्यादेखालचे सौदे कळवायचे नाहीत, पण ते वारंवार केले तर सट्टाच; ‘वारंवार’ म्हणजे किती वेळा, हे मात्र त्या नियमात लिहिलेलं नाही.