पोटॅशियम-४०

पोटॅशियम-४० हा पोटॅशियमचा निसर्गात सापडणारा किरणोत्सारी समस्थानिक, म्हणजे प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेला प्रकार. साडेआठ हजार पोटॅशियम अणूंमागे जेमतेम एक, तरी केळं, बटाटा, शहाळं, आपलं अंग, सगळीकडे आहेच. ७० किलोच्या माणसात साधारण १४० ग्रॅम पोटॅशियम असतं म्हणजे दर सेकंदाला चारेक हजार केंद्रकांचा क्षय चालू. केळी खाऊन अंगातला किरणोत्सार वाढतो असं कुणी म्हणेल, तर नाही, तसा तो वाढत नाही, जास्तीचं पोटॅशियम किडनी बाहेर टाकते.

आता हा अस्थिर का? केंद्रकात १९ प्रोटॉन न् २१ न्यूट्रॉन, दोन्ही विषम. प्रोटॉनला प्रोटॉनशी आणि न्यूट्रॉनला न्यूट्रॉनशी जोडी जमवायची असते, इथे दोन्हीकडे एकेक सडाफटिंग उरतो. असं विषम-विषम केंद्रक मूळ (म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या) अवस्थेत स्थिर असण्याची उदाहरणं चारच: ड्युटेरियम, लिथियम-६, बोरॉन-१०, नायट्रोजन-१४. पोटॅशियम-४० च्या दोन्ही बाजूंचे शेजारी, कॅल्शियम-४० आणि अरगॉन-४०, कमी ऊर्जेचे, म्हणून हा दोन्हीकडे घसरू शकतो. ८९ टक्के वेळा न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन आणि अँटीन्यूट्रिनो (जवळजवळ वजनरहित, विद्युतभार नसलेला कण) बाहेर पडतात, कॅल्शियम तयार. बाकी वेळा केंद्रक स्वतःच्याच अणूतला आतला इलेक्ट्रॉन गिळतं, अरगॉन होतं आणि बहुतेकदा १.४६ एमईव्ही (ऊर्जेचं एकक) इतक्या ऊर्जेचा गॅमा किरण सोडतं. गॅमा डिटेक्टरसमोर काहीही न ठेवता रात्रभर स्पेक्ट्रम घ्या, त्या ऊर्जेच्या जागी सुळका हमखास दिसणार, कारण भिंतीतल्या सिमेंट-वाळूतही पोटॅशियम आहे.

पण घाई मात्र अजिबात नाही, अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू संपायला लागणारा वेळ, १२५ कोटी वर्षं! याचा स्पिन (केंद्रकाचा फिरकीसारखा गुणधर्म) ४ आणि दोन्ही शेजाऱ्यांचा मूळ अवस्थेतला शून्य, एवढी मोठी उडी सहजासहजी होत नाही.

हवेत जवळपास एक टक्का अरगॉन आहे, तो बहुतेक सगळा असाच आलेला. लाव्हा पातळ असताना त्यातला अरगॉन उडून जातो, थिजला की पुढे तयार होणारा आत अडकतो, मग तो मोजून खडकाचं वय काढतात. सह्याद्रीतल्या बेसाल्टचं वय, साधारण ६.६ कोटी वर्षं, याच घड्याळाने मोजलंय, फक्त हल्ली नमुना आधी अणुभट्टीत ठेवून त्यातल्या थोड्या पोटॅशियमचंही अरगॉन करतात आणि दोन्ही अरगॉन एकत्रच मोजतात, ही अरगॉन-अरगॉन पद्धत. काम किचकट, कारण या बेसाल्टमधे पोटॅशियम मुळातच कमी, त्यातलं पोटॅशियम-४० आत्तापर्यंत चारेक टक्केच संपलंय आणि त्याचाही नववा-दहावा हिस्साच अरगॉन झालाय. त्यात दगड पावसापाण्याने कुजलेला असेल तर अरगॉन निसटतो आणि वय कमी येतं.