भगंदराची वाट शोधणारे सूक्ष्म बुडबुडे

भगंदर म्हणजे गुदमार्गाच्या आतल्या अस्तरापासून गुदद्वाराजवळच्या त्वचेपर्यंत तयार झालेली अनैसर्गिक नळी. गुदमार्गातील बारीक ग्रंथींत जंतुसंसर्ग होऊन गळू होते, ते फुटते किंवा कापून पू काढला जातो, तरीही पुष्कळदा ही वाट बुजत नाही. शस्त्रक्रियेत नळीचा एखादा फाटा किंवा आतले तोंड राहून गेले, तर आजार उलटतो. आणि काहीच राहू नये म्हणून गुदद्वाराभोवतीचा स्नायू जास्त कापला गेला, तर रुग्णाचा शौचावरील ताबा सुटू शकतो. म्हणूनच नळी या स्नायूच्या दोन थरांमधून, त्यांच्या आरपार की वरून जाते, हे आधी कळणे माझ्या मते शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे आहे. ब्रिटिश शल्यविशारद पार्क्स यांनी १९७६ साली केलेले भगंदराचे वर्गीकरणही याच प्रश्नावर आधारलेले आहे.

साध्या सोनोग्राफीत एक मोठी अडचण येते. चालू दाह असलेली नळी, साचलेला पू आणि जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण हे तिन्ही पडद्यावर काळसरच दिसतात. कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीत सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे, फॉस्फोलिपिडच्या पातळ आवरणातले बुडबुडे शिरेतून देतात. त्यांचा सरासरी व्यास सुमारे २.५ मायक्रोमीटर, म्हणजे तांबड्या रक्तपेशीहूनही लहान असतो. ते रक्तवाहिन्यांबाहेर पडत नाहीत, त्यामुळे रक्तपुरवठा वाढलेली दाहग्रस्त भिंत उजळते, पू मात्र काळाच राहतो आणि जुना व्रण फारसा उजळत नाही. वायू थोड्याच वेळात श्वासावाटे निघून जातो आणि मूत्रपिंडांवर भार पडत नाही.

दुसऱ्या पद्धतीत हेच द्रावण पातळ करून त्वचेवरच्या तोंडातून हलक्या हाताने नळीत सोडतात. बुडबुडे पुढे सरकताना फाटे दिसू लागतात, आणि ते गुदमार्गात उतरले की आतले तोंड सापडते. पूर्वीपासून यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइडही वापरले जाते.

गुदमार्गात घालायच्या प्रोबने (सोनोग्राफी यंत्राच्या दांड्याने) जवळचे बारकावे उत्तम दिसतात, पण स्नायूंच्या पलीकडे खोलवर गेलेला फाटा निसटू शकतो आणि निष्कर्ष तपासणाऱ्याच्या अनुभवावर बराच अवलंबून असतो. गुंतागुंतीच्या किंवा क्रोन आजारातील (आतड्यांच्या दीर्घकालीन दाहातील) भगंदरात एमआरआयची गरज म्हणूनच टिकून आहे. बाहेरचे तोंड बुजले असेल, तर नळीत द्रावण सोडता येत नाही. तेव्हा शिरेतून दिलेल्या बुडबुड्यांवरच भिस्त ठेवावी लागते.